कीबोर्ड रुसला? आधी हे करून पाहा

मराठी टायपिंगची परीक्षा आता संगणकावर होते. त्यामुळे वाशीम, कारंजा, रिसोडसारख्या गावांतून कितीतरी जणी दुपारची कामं आटोपून सरावाला बसतात. मध्येच टूं असा आवाज होतो, पडद्यावर चौकट येते, घाईत ‘एन्टर’ दाबलं जातं आणि अक्षरं उमटेनाशी होतात. मैत्रिणींनो, नवा कीबोर्ड आणायची घाई करू नका. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतोच!

नवशिक्या हाताला हे हमखास होतं. इनस्क्रिप्ट पद्धतीत ‘अ’ काढायला उजवी शिफ्ट धरून ‘डी’चं बटण दाबायचं. ते शोधता शोधता शिफ्ट आठ सेकंद दाबलेली राहिली, की ‘फिल्टर कीज’ चालू करू का, असं संगणक विचारतो. आपण हो म्हटलं, की ओझरता दाब तो मोजेनासा होतो. शिफ्ट नुसतीच लागोपाठ पाच वेळा दाबली, तर ‘स्टिकी कीज’. मग शिफ्ट सोडली तरी पुढच्या अक्षराला चिकटते आणि ‘क’च्या जागी ‘ख’ पडतो. ‘नम लॉक’ पाच सेकंद धरलं, तर ‘टॉगल कीज’. मग ‘कॅप्स लॉक’ दाबलं की संगणक आवाज करतो.

उपाय सोपा आहे. ज्या कृतीनं सोय चालू झाली, तीच पुन्हा केली की ती बंद होते. कायमचा बंदोबस्त हवा, तर विंडोजचं बटण धरून ‘यू’ दाबा, यादीतून ‘कीबोर्ड’ निवडा आणि त्या सोयीचं बटण बंद करा. तिथेच तिचा शॉर्टकटही बंद करा, म्हणजे चौकट पुन्हा येणार नाही.

मात्र या सोयींना नावं ठेवू नका हं! विंडोजमध्ये त्या 1995 पासून आहेत. एकच हात चालणाऱ्याला शिफ्ट आणि अक्षर एकदम कसं दाबता येईल? ज्याचा हात थरथरतो, त्याचं एकच अक्षर चारदा उमटतं. अशांसाठीच ही योजना. घरात कुणाचा हात अर्धांगानं गेला असेल, तर ‘स्टिकी कीज’ मुद्दाम चालू करून द्या; अर्ज-पत्रं लिहायला त्यांना दुसऱ्याची वाट पाहावी लागणार नाही. आणि संगणक चार जणांत मिळून वापरत असाल, तर बंद करण्यापूर्वी विचारा. आपली अडचण ती दुसऱ्या कुणाची सोय असू शकते.