लेसर, स्प्रिंग आणि जगभरची मुलं

जुलै २०१५. मुंबईत पाऊस ऐन भरात होता आणि ऐंशीहून अधिक देशांतली शाळकरी मुलं आपापल्या टेबलापाशी वाकून एका बारीक स्प्रिंगकडे पाहत होती. ४६व्या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडची ती प्रात्यक्षिक परीक्षा. प्रत्येकासमोर एक लेसर, एक पडदा, मोजपट्टी आणि ती स्प्रिंग. लेसरचा किरण स्प्रिंगवर पाडला की पलीकडच्या पडद्यावर ठिपक्याठिपक्यांची एक तिरकी फुली उमटायची. फुलीच्या दोन दांड्यांमधला कोन मोजायचा, ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं आणि एवढ्यावरून स्प्रिंगच्या वेटोळ्याची त्रिज्या, त्याचा चढ आणि तारेची जाडी काढायची. स्प्रिंगला पट्टी लावून नव्हे, प्रकाशाच्या विवर्तनातून.

प्रश्नपत्रिकेच्या सुरुवातीलाच एक काळंपांढरं छायाचित्र छापलेलं होतं. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत १९५२ साली क्ष-किरणांनी घेतलेलं डीएनएचं ते छायाचित्र, ‘फोटो ५१’ या नावाने जगप्रसिद्ध झालेलं. त्यातही तशीच फुली आहे. प्रयोगाच्या दुसऱ्या भागात मुलांना दुहेरी वेटोळ्याची सूक्ष्म नक्षी दिलेली होती. दोन वेटोळी एकमेकांत गुंफलेली असली की फुलीतले काही ठिपके नाहीसे होतात. डीएनएच्या छायाचित्रातली चौथी ओळ अशीच गायब आहे आणि त्या गायब ओळीतच रेणूच्या रचनेचं एक गुपित दडलेलं होतं. ज्या पुराव्यावर विसाव्या शतकातला एक सर्वांत मोठा शोध उभा राहिला, तो पुरावा वाचण्याची रीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी त्या परीक्षेत स्वतःच्या हातांनी करून पाहिली.

दुसरा प्रयोग पाण्याचा. ट्रेमधल्या पाण्यावर बारीक लहरी उठवायच्या, त्यांवर जवळजवळ आडवा लेसर सोडायचा आणि परावर्तित ठिपक्यांवरून पाण्याचा पृष्ठताण व श्यानता काढायची. हे प्रश्न आणि त्यांची शेकडो उपकरणं मुंबईतच, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या पुढाकाराने तयार झाली होती, ही मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी बाब.

‘ऑलिंपियाड’ म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच पालकांच्या डोळ्यांसमोर शाळेतून फॉर्म भरून घेतल्या जाणाऱ्या, पहिली-दुसरीपासूनच्या खासगी परीक्षा येतात. त्यांचा या लेखातल्या ऑलिंपियाडशी काही संबंध नाही. इथे विषय आहे तो शाळकरी मुलांच्या जागतिक विज्ञान मेळ्यांचा, जिथे प्रत्येक देश आपला छोटासा संघ पाठवतो: भौतिकशास्त्राला पाच जण, रसायन आणि जीवशास्त्राला चार-चार, खगोलशास्त्राला पाच, गणिताला सहा.

याची सुरुवात झाली १९५९ साली रुमानियात, गणितापासून. आले होते सात देश, सगळे पूर्व युरोपातल्या साम्यवादी गटातले. १९६७ साली वॉर्साला भौतिकशास्त्राचं ऑलिंपियाड भरलं तेव्हा पाच देश होते, आणि पुढच्या वर्षी प्रागला रसायनशास्त्राचं भरलं तेव्हा अवघे तीन: पोलंड, हंगेरी आणि यजमान चेकोस्लोव्हाकिया. शीतयुद्धाच्या त्या काळात शिक्षकांनी शेजारच्या देशांतल्या शिक्षकांना हाक दिली आणि त्यातून हा पसारा वाढत गेला. जीवशास्त्र १९९० साली आलं, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांचं कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाड २००४ साली जकार्तात सुरू झालं, खगोलशास्त्राचं २००७ साली थायलंडमधल्या चिआंग माईला.

भारत गणितात १९८९ पासून आहे. विज्ञानाला जरा उशीर झाला. १९९८ साली भारताचा पहिला भौतिकशास्त्र संघ आइसलंडला गेला, १९९९ला रसायनशास्त्राचा बँकॉकला आणि २०००मध्ये जीवशास्त्राचा तुर्कस्तानात. त्यानंतर मात्र गाडी थांबली नाही. २०१८ साली लिस्बनमध्ये भौतिकशास्त्राच्या पाचही भारतीय मुलांनी सुवर्णपदकं आणली, २०२३ साली संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला जीवशास्त्राच्या चौघांनी. यजमानपदही भारताने अनेकदा निभावलं. त्यात मुंबईचा वाटा मोठा: १९९६ला गणित, २००१ला रसायन, २००८ला जीवशास्त्र, २०१५ला भौतिकशास्त्र आणि ऑगस्ट २०२५मध्ये खगोलशास्त्र, ज्यासाठी ६४ देशांतली मुलं आली होती. कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाड २०१३ साली पुण्यात भरलं होतं.

पदकांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, ‘भारत अमुक क्रमांकावर’ असे मथळेही झळकतात. खरं तर ही स्पर्धा वैयक्तिक असते, देशांची क्रमवारी अधिकृतपणे लावली जात नाही. आणि पदकं तिघांनाच मिळत नाहीत. बहुतेक ऑलिंपियाडमध्ये निम्म्या किंवा त्याहूनही अधिक मुलांच्या गळ्यात सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य पदक पडतं. शेजारच्याला हरवून वर चढण्याचा हा खेळ नाही. ऑलिंपियाडचं मोठेपण आहे ते त्या आठ-दहा दिवसांच्या रचनेत, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं.

पोहोचल्यावर पहिली गोष्ट होते ती ताटातूट. मुलं एका ठिकाणी, त्यांच्यासोबत आलेले शिक्षक दुसरीकडे. मुलांचे फोन जमा होतात, कारण शिक्षकांना प्रश्नपत्रिका आधी दिसणार असते. प्रत्येक संघाला एक स्थानिक मार्गदर्शक मिळतो, बहुधा कॉलेजात शिकणारा, आणि तोच मग त्या मुलांचा दादा किंवा ताई होऊन जातो. तिकडे शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय मंडळात प्रश्नांवर तासन्‌तास खल चालतो. हे वाक्य संदिग्ध आहे, ही आकृती फसवी आहे, हा मुद्दा आमच्या मुलांच्या अभ्यासक्रमात नाही. मसुदा ठरला की सुरू होतं रात्रीचं काम: प्रत्येक देशाचे शिक्षक प्रश्नपत्रिका आपल्या मुलांच्या भाषेत उतरवतात. पहाटेपर्यंत छपाई, पाकिटं, सील.

सकाळी जपानी मुलगी जपानीत, इराणी मुलगा फारसीत आणि हंगेरीचा हंगेरियनमध्ये तोच प्रश्न सोडवतो. विज्ञान यायचं तर इंग्रजी यायलाच हवं, हा आपल्याकडचा समज इथे पहिल्याच दिवशी गळून पडतो.

भौतिकशास्त्रात पाच तास लेखी, ३० गुण. आणि वेगळ्या दिवशी पाच तास प्रात्यक्षिक, २० गुण. परीक्षा झाल्यावर शिक्षक आपापल्या मुलांच्या उत्तरपत्रिका स्वतः तपासतात आणि मग परीक्षकांसमोर बसून गुणांसाठी बाजू मांडतात. ‘तिने इथे सूत्र वेगळ्या वाटेने काढलंय, पण तर्क बरोबर आहे’ असा पाव-अर्ध्या गुणाचा किल्ला लढवला जातो. तोवर मुलं भटकत असतात, एकमेकांना आपल्याकडच्या गोळ्या-चॉकलेटं, नाणी, बिल्ले देत असतात. परीक्षेचं ओझं उतरलेल्या त्या दोन-तीन दिवसांत ज्या मैत्री जुळतात, त्या पुढे विद्यापीठांत आणि संशोधन परिषदांत पुन्हा ताज्या होतात.

याचं एक उदाहरण मोठं विलक्षण आहे. १९९४ साली हाँगकाँगला आणि १९९५ साली टोरँटोला जी गणित ऑलिंपियाडं झाली, त्या दोन्हींत इराणकडून मरियम मिर्झाखानी होत्या आणि भारताकडून इचलकरंजीचे सुभाष खोत. मिर्झाखानींना दोन्ही वर्षी सुवर्ण, टोरँटोला तर पैकीच्या पैकी गुण. खोत यांना दोन्ही वर्षी रौप्य. ऑगस्ट २०१४मध्ये सोलला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली. मिर्झाखानींना फील्ड्स पदक मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्याच परिषदेत सैद्धांतिक संगणकशास्त्रातल्या कामासाठीचं नेवानलिना पारितोषिक सुभाष खोत यांना देण्यात आलं. तेहरान आणि कोल्हापूर जिल्ह्यातलं एक यंत्रमागांचं गाव, यांतून आलेली दोन मुलं वीस वर्षांच्या अंतराने पुन्हा एकाच सोहळ्यात होती.

काही ऑलिंपियाडं तर देशांच्या भिंतीच काढून टाकतात. भूविज्ञान ऑलिंपियाडमध्ये वेगवेगळ्या देशांच्या मुलांचे मिश्र गट करून त्यांना प्रत्यक्ष मैदानात पाठवतात. डोंगर, नदीकाठ, खडकांचे थर पाहायचे, नोंदी करायच्या आणि गटाने निष्कर्ष मांडायचे. गटातल्या मुलांची भाषा एक नसते, शाळेत शिकलेलं एक नसतं, आणि तरी ठरलेल्या वेळात एक मत करून परीक्षकांसमोर उभं राहायचं असतं. विज्ञान असंच चालतं, दहा देशांची माणसं एका दुर्बिणीवर किंवा एका कणवेगकावर काम करतात तेव्हाही. लेखी परीक्षेपेक्षा ही पद्धत कितीतरी मोलाची आहे आणि इतर विषयांनीही ती मनापासून उचलायला हवी.

जगातल्या उलथापालथींची झळ इथेही लागतेच. २०२०च्या महासाथीत काही ऑलिंपियाडं रद्द झाली, काही मुलांनी आपापल्या देशात बसून दिली. २०२२चं भौतिकशास्त्र ऑलिंपियाड बेलारूसमध्ये व्हायचं होतं. युक्रेनवर हल्ला झाला आणि ते स्वित्झर्लंडने ऑनलाइन घेतलं. प्रात्यक्षिकाच्या टेबलापाशी जे घडतं, त्याची भरपाई पडद्यावर होत नाही हे त्या वर्षांनी सगळ्यांनाच दाखवलं.

आता आपल्या दाराशी येऊ. भारतात विज्ञानाच्या संघाची निवड तीन पायऱ्यांनी होते. नोव्हेंबरमध्ये भौतिकशास्त्र शिक्षकांच्या अखिल भारतीय संघटनेतर्फे देशभर पहिली परीक्षा होते. त्यातून निवडलेली मुलं जानेवारी-फेब्रुवारीत दुसरी परीक्षा देतात. त्यातली सर्वोत्तम मुलं, बहुतेक विषयांना साधारण ३५, उन्हाळ्यात मानखुर्दच्या शिबिरात येतात आणि शिबिराअखेर अंतिम संघ ठरतो. परदेश प्रवासाचा खर्च सरकार करतं. पालकांना खिशात हात घालावा लागत नाही.

कागदावर वाट सरळ आहे, पण ती अरुंद आहे. संघात पोहोचणाऱ्या मुलांत महानगरांतल्या आणि महागड्या क्लासेसच्या मुलांचा भरणा दिसतो. भौतिकशास्त्राच्या भारतीय संघात मुलगी अभावानेच असते. आणि आपल्या मुलांची खरी पंचाईत होते ती प्रात्यक्षिकात. कारण उघड आहे. आपल्या कितीतरी शाळांत प्रयोग म्हणजे जर्नल पूर्ण करणं. आकृती डाव्या पानावर, निष्कर्ष उजव्या पानावर, वाचनं गेल्या वर्षीच्या मुलाच्या वहीतून. सूक्ष्ममापी हातात धरून शून्य-त्रुटी तपासण्याची वेळ बहुतेकांवर कधी येतच नाही. प्रयोगात आलेला आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळला नाही तर तो खोडायचा नसतो, तो का जुळला नाही हे शोधायचं असतं. हे मुलांना मानखुर्दच्या शिबिरात, म्हणजे अगदी शेवटच्या पायरीवर, शिकायला मिळतं. ते आठवीत मिळायला हवं.

हे घडू शकतं, याचा पुरावाही त्याच होमी भाभा केंद्राच्या इतिहासात आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग म्हणून १९७४ साली केंद्र स्थापन झालं. त्याचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी सुरुवातीलाच मोर्चा वळवला तो जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याकडे. खेड्यातल्या माध्यमिक शाळा, साधं साहित्य, स्थानिक शिक्षक, आणि पाठ्यपुस्तकातली बोजड मराठी सोपी करण्याचा खटाटोप. विज्ञानात मागे पडणारा मुलगा बुद्धीने कमी नसतो, त्याला प्रयोग आणि भाषा मिळालेली नसते, ही कुलकर्णींची धारणा होती. मुंबईतल्या महापालिका शाळांतल्या वंचित मुलांसोबतही केंद्राने असंच काम केलं. अगदी अलीकडे पुणे जिल्हा परिषदेने ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने चाचण्या घेऊन आपल्या शाळांतली २५ मुलं अमेरिकेत नासा पाहायला पाठवायचं ठरवलं. भेट आणि ऑलिंपियाड या वेगळ्या गोष्टी आहेत, पण जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल गुणवत्तेवर निवडलं जाऊन विज्ञानासाठी पासपोर्ट काढतं, ही या दिशेची फार चांगली सुरुवात आहे.

म्हणून आठवी-नववीला शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. पहिल्या पायरीची नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञानाची परीक्षा आहे. जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरं होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, प्रात्यक्षिकांचे प्रश्नही. वर्गातली चार मुलं निवडा, त्यांत निदान दोन मुली असू द्या, आणि दर शनिवारी प्रयोगशाळेचं कुलूप काढा.