स्केट्सचीं महाग बेअरिंगें

चिरंजीव पुतण्या स्केटिंगच्या शर्यतींत मागें पडला आणि घरीं येतांच त्यानें पराभवाचें कारण सांगितलें तें बेअरिंगांचें! पुढें गेलेल्या मुलाच्या चाकांत म्हणे ‘अबेक 9’ जातीचीं होतीं. दुकानदारानें या समजुतीस दुजोराच दिला. किंमत मात्र साध्यांच्या चौपट. आजीनें पैसे काढूनही ठेविले होते. तेव्हां आम्हांस या प्रकरणांत लक्ष घालणें भाग पडलें.

एका जोडाच्या आठ चाकांस सोळा बेअरिंगें लागतात. भोक 8 मिलिमीटर, बाहेरील व्यास 22, रुंदी 7, हें त्यांचें माप बहुधा ठरलेलें. ‘अबेक’चे 1, 3, 5, 7, 9 हे आंकडे अमेरिकेंतील बेअरिंग-उत्पादकांच्या संस्थेचे, मापें किती काटेकोर आहेत व फिरतांना कडें किती डगमगतें, एवढेंच ते सांगतात. पोलाद कसें, छर्रे किती गुळगुळीत, वंगण कोणतें, याविषयीं ते मुके असतात. शिवाय ताशीं 20 किलोमीटर वेगानें धावतांना 80 मिलिमीटर व्यासाचें चाक मिनिटास सुमारें 1,300 फेरे घेतें. साधें चांगलें बेअरिंगही याच्या वीसपट वेग सोसतें.

दुकानांत चाक बोटानें फिरवून दाखवितात, तो निव्वळ देखावा होय. त्या वेळीं चाकावर भार कोठें असतो? अंगाचा भार पडला कीं खरा अडथळा येतो तो दबणाऱ्या चाकाचा आणि वाऱ्याचा. सिरॅमिकचे छर्रे गंजत नाहींत हें खरें. परंतु त्यांभोवतींचीं कडीं बहुधा पोलादाचींच असतात, तीं गंजतातच! मात्र अगदींच स्वस्त, बेनांवाचा माल घेऊं नये. मध्यम प्रतीचा पुरे.

आम्हीं जुनीं बेअरिंगें उघडलीं, तों आंत मैदानावरची धूळ! चुलीपासून दूर, अंगणांत, रॉकेलनें धुऊन तीं पूर्ण वाळविलीं व प्रत्येकांत पातळ तेलाचा एकेक थेंब सोडला. दोन चाकांत तर बेअरिंगांमधील नळीच नव्हती. त्यामुळें आंस आवळतांच चाक अडे. ती बसवितांच चाकें मोकळीं फिरूं लागलीं.

आजीच्या पैशांतून नवें हेल्मेट आलें. जुन्याचा पट्टा कधींचाच तुटला होता. तें मात्र घरांत कोणाच्याच लक्षांत आलें नव्हतें.