मोक्का, कुंटणखाने आणि आपला चेक



आपल्या मंडळाच्या या वर्षीच्या मदतनिधीतला काही भाग देहविक्रयातून सोडवलेल्या मुलींच्या पुनर्वसनासाठी आहे. हे कळल्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "अहो, हे काम पोलिसांचं नाही का? भारतात एवढे कडक कायदे आहेत, मोक्का लावा आणि टाका सगळ्यांना आत!" प्रश्न रास्त आहे. मी काही वकील नाही, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर. पण कायदा म्हणजे शेवटी अटींची यादीच असते, आणि अटी वाचायची सवय आम्हाला आहे. म्हणून हा प्रयत्न.

आधी साधा कायदा बघू. १९५६ साली अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा झाला. १९८६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून तो 'पिटा' या नावाने ओळखला जातो. पुष्कळांना वाटतं की भारतात वेश्याव्यवसाय करणं हाच गुन्हा आहे. तसं नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणं, मुली आणणं आणि पुरवणं, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणं हा. शिक्षा मात्र सौम्य. कुंटणखाना चालवणाऱ्याला पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं. कमाईवर जगणाऱ्या दलालाला जास्तीत जास्त २ वर्षं, मुलगी अल्पवयीन असेल तर ७ ते १० वर्षं. जामीन झाला की पुन्हा तोच धंदा, फक्त फ्लॅट दुसरा. धाड पडते तेव्हा सापडतो तो दारावरचा माणूस. मुली विकत घेणारा, जागा भाड्याने देणारा आणि पैसा फिरवणारा कधी पुढे येतच नाही.

हीच अडचण मुंबईच्या खंडणीखोर टोळ्यांच्या बाबतीतही होती. त्यासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा केला. वर्तमानपत्रांतला 'मोक्का' किंवा 'मकोका' तो हाच. २००२ पासून तो दिल्लीतही लागू झाला. आपण अमेरिकेत राहतो, त्यामुळे १९७० सालचा 'रिको' कायदा आपण ऐकलेला असतो. दोन्हींची कल्पना एकच: एकेका गुन्ह्याकडे सुटं न बघता सगळी टोळी म्हणजे एक धंदा आहे असं धरायचं. रिकोत दहा वर्षांच्या आत किमान दोन गुन्हे लागतात. मोक्कातली अट थोडी वेगळी आहे.

मोक्का लावायला सगळ्या अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. एक, दोन किंवा अधिक माणसांची टोळी हवी. दोन, गुन्हा दखलपात्र आणि ३ वर्षं किंवा अधिक शिक्षेचा हवा. तीन, मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त आरोपपत्रं दाखल होऊन कोर्टाने त्यांची दखल घेतलेली हवी. चार, हिंसा, धमकी, जबरदस्ती किंवा इतर बेकायदा मार्ग वापरलेला हवा. आणि पाच, हे सगळं आर्थिक किंवा तसल्या फायद्यासाठी हवं. शिवाय गुन्हा नोंदवायला उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि खटल्यासाठी अतिरिक्त महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची.

आता दुसरी अट पुन्हा वाचा. कमाईवर जगण्याचं साधं कलम २ वर्षांचं, म्हणजे ते इथे मोजलंच जात नाही. मुली आणण्या-पुरवण्याचं कलम ३ ते ७ वर्षांचं आहे, ते चालतं. त्यामुळे आधीच्या केसेसमध्ये पोलिसांनी कोणती कलमं लावली यावर पुढचा मोक्का उभा राहतो किंवा कोसळतो. चौकीत घाईघाईत लिहिलेल्या एका एफआयआरचा परिणाम सात-आठ वर्षांनी दिसतो!

अटी जमल्या तर मात्र कायदा खरोखर कडक आहे. गुन्ह्यात कुणाचा जीव गेलेला नसला तरी किमान ५ वर्षं, कमाल जन्मठेप आणि किमान ५ लाख रुपये दंड. आरोपपत्राची मुदत ९० दिवसांवरून १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. जामीन फार कठीण. पोलीस अधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, जो एरवी चालत नाही. टोळीची मालमत्ता जप्त होऊ शकते. एवढे अधिकार दिले की दुरुपयोगाची भीतीही असतेच, आणि ती अनाठायी नाही. वरच्या अटी आणि मंजुऱ्या म्हणूनच आहेत.

प्रत्यक्षात काय झालं? डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या विशेष मोक्का न्यायालयाने वेश्याव्यवसायाचं जाळं चालवणाऱ्या एका महिलेला आणि तिच्या साथीदाराला ७ वर्षं सक्तमजुरी दिली. म्हणजे हे होऊ शकतं. पण दिल्लीची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. 'सोनू पंजाबन' या नावाने गाजलेल्या बाईला २०११ मध्ये मोक्काखाली अटक झाली, आणि त्या केसमधून ती पुढे सुटली. त्याच बाईला जुलै २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने २४ वर्षांची शिक्षा दिली. कशाखाली? साधा दंड विधान आणि पिटा. २००९ मध्ये पळवलेली एक अल्पवयीन मुलगी पुढे कोर्टात उभी राहिली, आणि तिने सगळं सांगितलं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीची व्याख्या आता देशभरासाठी आली आहे, आणि वेश्याव्यवसायासाठी माणसांची तस्करी तिच्यात नाव घेऊन घातली आहे. चांगलं झालं. पण दोन आरोपपत्रांची अट तिथेही आहे, आणि आरोपपत्र टिकतं ते साक्षीवर.

साक्ष द्यायला मुलगी टिकली पाहिजे. सुटका झालेली मुलगी सोळा-सतराची, घरी परत घेतील याची खात्री नाही, खटला चार-पाच वर्षं चालणार आणि दलालाची माणसं निरोप धाडणार. पूर्वी तर दलालाचाच वकील मुलींच्या वतीनेही उभा राहायचा. 'प्रेरणा' या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते थांबवलं. याच प्रेरणाने १९८८ पासून कामाठीपुऱ्यात तिथल्या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं केंद्र चालवलं, म्हणजे पुढची पिढी त्या धंद्यात ओढली जाऊ नये. नगरला गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या 'स्नेहालय'चं कामही याच वाटेवरचं.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. स्वतःच्या मर्जीने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीला धाडीत अटक करू नये, त्रास देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. लढाई त्या बाईशी नाही, तिला विकणाऱ्याशी आहे.

तर मंडळी, सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं: काम पोलिसांचं आहेच, पण अर्धंच. धाड एका रात्रीत होते. त्यानंतरची पाच वर्षं जेवण, शाळा, समुपदेशन, वकील आणि कोर्टाच्या तारखेला सोबत जाणारं कुणीतरी, हे सगळं लागतं, आणि त्यासाठी मोक्कात कलम नाही. ते कलम आपण लिहायचं, चेकवर. रक्कम लहान असली तरी चालेल, पण जमल्यास दर वर्षी द्या. कारण तारखा दर वर्षी पडतात.