बंदुकीच्या नात्यातला मेवा : हेझलनट आणि त्याचा केक

गेल्या पंधरवड्यात एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. वय ६६, सहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. मुलगा इटलीतील तुरिन शहरी इंजिनियर. मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू सुट्टीत गावी आले ते हेझलनटचा एक केक, किलोभर हेझलनट आणि पोळीला लावायच्या चॉकलेटी लगद्याची एक बरणी घेऊन. गुरुजी विचारतात, "या केकमध्ये मैदा नाही, तेव्हा मधुमेह्याला चालतो असे सूनबाई म्हणतात. हे खरे काय? बरणीतला पदार्थही त्याच फळाचा आहे, तो पौष्टिक समजावा काय? आणि हे फळ आहे तरी कोणते?" पत्राखाली ता. क. म्हणून दोन ओळी होत्या. मला त्या साऱ्या पत्रापेक्षा महत्त्वाच्या वाटल्या. त्यांच्याकडे शेवटी येतो.

हेझलनटला आपल्याकडे रुळलेले मराठी नाव नाही. हिंदीत काही ठिकाणी पहाडी बदाम म्हणतात. पण त्याचा एक नातेवाईक आपल्या तोंडी नेहमी असतो. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याला प्राचीन ग्रीक लोक पाँटस म्हणत. तिथून येणारे कवचाचे फळ ते 'पाँटिकॉन', म्हणजे पाँटसचे. अरबांनी त्याचे 'बुंदुक' केले, तुर्कांनी 'फिंदिक'. पुढे बुंदुक हा शब्द त्या फळाएवढ्या गोळीलाही लावू लागले, मग गोळी उडवणाऱ्या हत्याराला, आणि फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला तो 'बंदूक' होऊन! फळ मागे राहिले, हत्यार पुढे आले.

झाड म्हणजे खरे तर दोन-तीन पुरुष उंचीचे झुडूप. ऐन थंडीत, पाने नसताना त्याला फुलोरा येतो आणि पराग वाऱ्यावर उडतात. ऑगस्टच्या सुमारास तपकिरी, गोटीएवढी फळे आपोआप जमिनीवर गळतात, ती वेचायची. कवच टणक, आत एकच गर. आपल्या देशात हिमाचलच्या चंबा जिल्ह्यातील पांगी खोऱ्यात याचा हिमालयी भाऊबंद जंगलात होतो. तिथले लोक त्याला थांगी म्हणतात आणि हिवाळ्यासाठी साठवून ठेवतात.

माणसाने हे फळ खायला केव्हा सुरुवात केली? शेती सुरू होण्याच्याही आधी. स्कॉटलंडजवळच्या कोलनसे बेटावर १९९० च्या दशकात झालेल्या उत्खननात एका उथळ खड्ड्यात हेझलनटची लाखो जळकी टरफले सापडली. ती सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत. भाजून साठवले की हे फळ टिकते, हे त्या शिकारी लोकांना ठाऊक होते. पुढे रोमन काळात इटलीतील आवेल्ला गावची फळे नावाजली गेली. झाडाच्या शास्त्रीय नावात, 'कोरिलस अवेलाना'मध्ये, ते गाव आजही टिकून आहे. सध्या मात्र जगातले निम्म्याहून अधिक पीक एकट्या तुर्कस्तानात येते, तेही ओर्दू, गिरेसून, त्राब्झोन या जुन्या पाँटसच्याच किनाऱ्यावर. २०१४ च्या मार्चमध्ये तिथे कडाक्याचे हिम पडून मोहोर जळाला आणि त्या वर्षी जगभर भाव कडाडले. आपल्या आंबा बागायतदारांना हे दुःख वेगळे सांगायला नको.

आता केक. तो तुरिनच्या दक्षिणेला असलेल्या लांगे नावाच्या डोंगराळ मुलखातला. आज तो भाग उंची मद्यासाठी प्रसिद्ध आहे, पण पूर्वी गरिबीसाठी होता. द्राक्षवेलींवर रोग पडले तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी उतारावर हेझलनट लावले. चांगला माल बाजारात जाई. घरात उरलेला, फुटका माल थंडीच्या दिवसांत कुटून, कोंबडीची अंडी आणि साखर घालून केक करीत. गहू विकत घ्यावा लागे आणि हेझलनट दारात होते. म्हणून पिठाची जागा कुटाने घेतली. आज शहरात जो 'मैद्याविना' म्हणून कौतुकाने विकला जातो त्याचे मूळ हे असे. कोर्तेमिलिया गावी दर ऑगस्टमध्ये हेझलनटची जत्रा भरते आणि तिथे या केकला पहिला मान असतो.

बरणीतल्या पदार्थाची कथाही त्याच मुलखातली. नेपोलियनच्या काळात व्यापार तुटल्याने तुरिनमध्ये कोको महागला, तेव्हा मिठाईवाल्यांनी त्यात हेझलनटचा कूट मिसळला असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा कोकोची टंचाई झाली. १९४६ साली आल्बा गावच्या पिएत्रो फेरेरो या मिठाईवाल्याने हेझलनट आणि थोडा कोको यांची सुरीने कापता येईल अशी वडी काढली. १९५१ मध्ये ती पातळ झाली आणि १९६४ मध्ये 'नुटेला' या नावाने बाटलीत आली.

पण नाव एक असले तरी केकची बाटली आणि बाटलीचा केक होत नाही. आजच्या लेबलावर पहा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. पहिली साखर, दुसरे पामतेल, मग हेझलनट, तेही शंभरात १३ च्या आसपास. निम्म्याहून अधिक वजन साखरेचेच. २०१२ साली अमेरिकेत याच्या 'मुलांची पौष्टिक न्याहारी' अशा धर्तीच्या जाहिरातींवरून दावा झाला, आणि कंपनीने सुमारे तीस लाख डॉलर देऊन तो मिटवला. चव उत्तम आहे यात वाद नाही. पण ती मिठाई आहे, डब्यात रोज द्यायची न्याहारी नव्हे. रोज पोळीला लावून देणाऱ्या मातांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

मूळ फळाचे तसे नाही. १०० ग्रॅम हेझलनटमध्ये सुमारे ६० ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. आकडा ऐकून दचकू नका, त्यातला तीन चतुर्थांश भाग ऑलिव्ह तेलात असतो त्या जातीचा, हृदयाला न दुखावणारा. प्रथिने सुमारे १५ ग्रॅम, तंतू जवळजवळ १० ग्रॅम, आणि ई जीवनसत्त्व १५ मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागेल इतके. पिष्ट आणि साखर अगदी थोडी, त्यामुळे नुसत्या फळाने रक्तातली साखर फारशी उसळत नाही. स्पेनमध्ये सुमारे साडेसात हजार लोकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एका गटाला भाजीपाला-मासळीच्या आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम सुका मेवा दिला. त्यात अक्रोड १५ ग्रॅम आणि बदाम व हेझलनट साडेसात-साडेसात ग्रॅम. हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण त्या गटात कमी आढळले. हा अहवाल २०१३ मध्ये आला, त्यातल्या काही चुका दुरुस्त करून २०१८ मध्ये पुन्हा छापला गेला, निष्कर्ष बहुतांशी तोच राहिला. साडेसात ग्रॅम म्हणजे सहा-सात दाणे! ओंजळभर नव्हे. ज्यांना परदेशचा मेवा परवडत नाही त्यांनी हळहळू नये. आपल्या भुईमुगात प्रथिने याहून जास्त आहेत.

गुरुजींच्या सूनबाईंनी पाककृतीही पाठवली आहे. २५० ग्रॅम हेझलनट मंद आचेवर भाजावेत, गरम असतानाच जाड पंचात चोळले की साले निघतात. गार झाल्यावर चमचाभर साखर घालून मिक्सरवर थांबत-थांबत फिरवावे, नाहीतर तेल सुटून चिखल होतो. चार अंड्यांचे पिवळे बलक १५० ग्रॅम साखरेत (वरचा चमचा यातलाच) फेटावेत, त्यात कूट मिसळावा. पांढरे वेगळे फेसून शेवटी हलक्या हाताने घालावे. ओव्हनमध्ये १७०-१८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाशी मिठाचा थर पसरून, शिटी आणि रिंग काढून मंद आचेवर. अंडी न खाणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये, त्याच कुटाचे लाडू वळावेत.

या केकचे बारा तुकडे केले तर प्रत्येकात साखर साडेबारा ग्रॅम, म्हणजे अडीच चमचे, आणि सुमारे २०० उष्मांक. तेव्हा गुरुजी, मैदा नाही म्हणजे साखर नाही असे होत नाही. तुमची तीन महिन्यांची सरासरी साखर ताब्यात असेल तर एखाद्या दिवशी जेवणानंतर अर्धा तुकडा घ्या आणि त्या जेवणात एक पोळी कमी करा. बरणी नातलगांत वाटून टाका. उरलेले हेझलनट घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर खवट होतात, आणि खवट किंवा बुरशी आलेला दाणा भाजून शुद्ध होत नाही, तो फेकायचाच.

आता तो ता. क. "नातवास गेल्या वर्षी अक्रोड खाल्ल्यावर ओठ सुजले होते व अंगावर गांधी उठल्या होत्या. केक तो उद्या वाढदिवसाला कापणार आहे. त्यास चालेल ना?"

पत्र हातात पडले त्या दिवशी 'उद्या' उलटून गेला होता. मी लगेच फोन लावला. सुदैवाने मुलाला ताप आल्याने वाढदिवस पुढे ढकलला होता, केक तसाच होता. एका सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला दुसऱ्याचीही असू शकते. अक्रोड आणि हेझलनट तर या बाबतीत अनेकदा जोडीने येतात. पहिल्या वेळी फक्त ओठ सुजले म्हणून पुढच्या वेळीही तेवढ्यावरच भागेल याची खात्री नसते. आवाज बसणे, धाप लागणे, वारंवार उलट्या, चक्कर येऊन गळून जाणे, यातले काही दिसले तर खाजेच्या गोळीवर विसंबून वाट पाहू नये. तात्काळ जवळच्या दवाखान्यात न्यावे. तिथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच उपाय, आणि मिनिटे मोलाची असतात. घरी 'थोडेसे चाटवून पाहू' हा प्रयोग कदापि करू नये. तपासणी ॲलर्जीच्या जाणकार डॉक्टरांकडेच व्हावी.

आणखी एक. पाच वर्षांखालील मुलांना ॲलर्जी नसली तरी अख्खा दाणा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. कूट करून द्यावा. चॉकलेट, आइस्क्रीम, बिस्किटे यांत हेझलनट लपलेला असतो. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे वेष्टनावर सुक्या मेव्याचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. अक्षरे बारीक असतात, चष्मा लावून वाचावीत.

नातवाची तपासणी पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी ठरली आहे. तोवर वाढदिवसाला शिरा करायचे ठरले, काजू-बदाम न घालता.