गवताच्या धावपट्टीवरचे अपघात : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्स्बी आणि देशाचा डोंगराळ मध्यभाग यांना जोडणारा रस्ताच नाही. तिथल्या कित्येक गावांत औषधे येतात, कॉफीची पोती बाहेर पडतात आणि अडलेली बाळंतीण दवाखान्यात पोचते ती छोट्या विमानानेच. म्हणून तिथले अपघात का होतात, हे नीट समजून घ्यायला हवे.

गैरसमज : कच्ची धावपट्टी मुळातच धोक्याची.
वस्तुस्थिती : ट्विन ऑटरसारखी विमाने अशाच जमिनीवर उतरण्याजोगी बनवलेली असतात. धोका वाढतो तो पावसाने. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या मार्गदर्शनानुसार उतरायला कोरड्या गवतावर सुमारे 15 टक्के, ओल्या गवतावर 35 टक्के जास्त अंतर धरावे. अगदी आखूड, निसरड्या ओल्या गवतावर ही वाढ 60 टक्क्यांपर्यंत जाते. काल पुरलेली धावपट्टी आजच्या सरीनंतर अपुरी पडू शकते.

गैरसमज : धावपट्टीला चढ असणे ही बांधणीतली चूक.
वस्तुस्थिती : डोंगरात सपाट जागा दुर्मीळ. चढावर उतरले की विमान लवकर थांबते, उताराच्या दिशेने उड्डाण केले की वेग लवकर येतो. मात्र चढ नजरेला फसवतो. आपण फार उंचावर आहोत असे वाटून वैमानिक खाली येतो आणि चाके धावपट्टीच्या अलीकडेच आदळतात.

गैरसमज : उतरणे जमले नाही तर पुन्हा वर जाता येते.
वस्तुस्थिती : अनेक धावपट्ट्यांच्या वरच्या टोकाला डोंगर उभा असतो. एका टप्प्यानंतर माघार नाही. उतरायचे की परतायचे, हे त्याआधीच, दरीत असताना ठरवावे लागते. दुपारी ढग आणि वारा वाढतो, म्हणून सकाळची वेळ मोलाची.

गैरसमज : वेग थोडा जास्त असलेला बरा.
वस्तुस्थिती : वेग 10 टक्के वाढला की थांबवायची ऊर्जा 21 टक्के वाढते. शिवाय 5,000 फुटांवर हवा विरळ; वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा दिसत असला तरी प्रत्यक्ष वेग सुमारे 8 टक्के जास्त असतो.

गैरसमज : दोष वैमानिकाचाच.
वस्तुस्थिती : वाढलेले गवत, तुंबलेले चर, धावपट्टीवर आलेली डुकरे यांवर वैमानिकाचा ताबा नसतो. ही राखण गावकरी करतात. त्यांना अवजारे, प्रशिक्षण आणि मोबदला देणे हा विमानसुरक्षेवरचाच खर्च आहे, आणि तो अपघाताची वाट न पाहता करायला हवा.