‘आहे’ या शब्दाचा अर्थ : संत थॉमस अक्वायनस ते हायडेगर

‘देव आहे का?’ हा प्रश्न आमचे तरुण श्रद्धावंत वारंवार विचारतात. उत्तर देताना आपण बहुधा ‘देव’ या शब्दाविषयी बोलतो. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी मात्र ‘आहे’ या साध्या क्रियापदाचाच विचार केला आणि त्या विचाराने विसाव्या शतकातील युरोपीय तत्त्वज्ञानालाही स्वस्थ बसू दिले नाही.

सोलापूरच्या वाचकांना चादरीचे उदाहरण जवळचे वाटेल. जॅकार्ड मागावर चढण्यापूर्वी नक्षी आलेख-कागदावर पूर्ण उतरलेली असते. रंग, मोर, काठ, सारे ठरलेले असते. तरीही तो कागद कितीही न्याहाळला, तरी चादर विणली गेली की नाही हे त्यातून कळत नाही. वस्तू ‘काय आहे’ हे एक आणि ती ‘आहे’ हे दुसरे. पहिल्यास सत्त्व म्हणावे, दुसऱ्यास अस्तित्व. इब्न सिना या मुस्लिम तत्त्वज्ञाने मांडलेला हा भेद संत थॉमस यांनी १२५० च्या दशकात, ऐन तारुण्यात लिहिलेल्या एका छोट्या ग्रंथात पुढे नेला. सर्व निर्मित वस्तूंचे असणे उसने आहे. केवळ परमेश्वराच्या ठायी सत्त्व आणि अस्तित्व एकच आहे. जळत्या झुडपातून मोशेला कळलेले नाव ते याच अर्थाने वाचतात. तेव्हा देव ही विश्वातील वस्तूंच्या यादीतील सर्वांत मोठी वस्तू नव्हे.

येथे चादरीचा दृष्टांत मात्र अपुरा पडतो. विणकर घरी गेला तरी चादर राहते. निर्मितीचे नाते गायक आणि गाणे यांच्यासारखे आहे : गायक थांबला की गाणे उरत नाही.

फ्रान्सिस्कन पंथाचे धन्य जॉन डन्स स्कोटस यांचे मत निराळे होते. देवाविषयी आणि दगडाविषयी ‘आहे’ म्हणताना त्या संकल्पनेत काहीतरी समान असलेच पाहिजे, असे ते म्हणत. गंमत अशी, की हाच विचार फ्रेंच तत्त्वज्ञ देल्यूझ यांनी १९६८ साली निरीश्वर तत्त्वज्ञानासाठी वापरला.

मार्टिन हायडेगर यांचे वडील जर्मनीतील मेस्कीर्ख येथे चर्चचे सेवक होते. हायडेगर यांनी १९१५ साली स्कोटसवर प्रबंध लिहिला. त्यातील एक ग्रंथ स्कोटसचा नसून एर्फर्टच्या थॉमसचा होता, हे पुढे सिद्ध झाले. १९२७ च्या ‘असणे आणि काळ’ या ग्रंथात त्यांनी ‘असण्याचा’ प्रश्न नव्याने उभा केला. पुढे त्यांनी आरोप केला, की पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाने देवाला सर्वोच्च वस्तू बनवून ‘असणे’च विसरले. संत थॉमस यांना हा आरोप लागू होतो का? कॅथलिक विचारवंत जाँ-ल्यूक मारियों यांनी १९८२ मध्ये बहुतांशी ‘होय’ म्हटले आणि १९९५ मध्ये आपले मत बदलले. आमच्या मते त्यांचे दुसरे मत अधिक न्याय्य आहे.

हायडेगर यांनी १९३३ साली नाझी पक्षात प्रवेश केला. त्यांच्याप्रमाणेच हुसर्ल यांच्या सहायक राहिलेल्या ईडिथ श्टाइन त्याच वर्षी कार्मेल मठात गेल्या. ‘सान्त आणि अनंत असणे’ या ग्रंथात त्यांनी संत थॉमस यांच्या आधारे हायडेगर यांना उत्तर दिले : आपले असणे क्षणभंगुर असले तरी क्षणोक्षणी कोणीतरी ते सावरून धरले आहे, म्हणून त्यात भयाबरोबर आश्वासनही आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी आउश्विट्झ येथे त्यांची हत्या झाली. ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९८ साली त्यांना संतपद मिळाले.

हा विचार आपल्या पुणे धर्मप्रांतातही रुजला. बेल्जियन येशूसंघीय फादर रिचर्ड डी स्मेट (१९१६–१९९७) यांनी पुण्यात अनेक वर्षे तत्त्वज्ञान शिकवले. शंकराचार्यांच्या मते जग निव्वळ भास आहे, हा समज त्यांना मान्य नव्हता. जगाचे असणे ब्रह्मावर पूर्णतः अवलंबून आहे, असा अर्थ त्यांनी लावला. निर्गुण म्हणजे व्यक्तित्वहीन नव्हे, हेही त्यांनी आग्रहाने मांडले.