‘मला पचतो’ म्हणजे नेमके काय?

वसतिगृहाच्या गच्चीवर किंवा चहाच्या टपरीमागे गांजाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : “मला काही होत नाही, मला पचतो.” सांगणाऱ्याच्या स्वरात थोडा अभिमानही असतो. नवख्याला दोन झुरक्यांत गरगरते आणि हा गडी चिलीम रिकामी करूनही सरळ चालतो, तेव्हा त्याची प्रकृतीच दणकट असली पाहिजे, असा ऐकणाऱ्यांचाही समज होतो. शरीरशास्त्र मात्र या गोष्टीकडे निराळ्या दृष्टीने पाहते. ज्याला आपण पचवणे म्हणतो ते बळाचे लक्षण नसून मेंदूने केलेल्या तडजोडीचे लक्षण आहे. ही तडजोड कशी होते आणि ती मोडता येते किंवा नाही, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

गांजा, चरस आणि भांग ही एकाच झाडाची तीन रूपे. मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस आणि पानांपासून होते ती भांग. तिन्हींमधील नशा आणणारे मुख्य द्रव्य एकच : टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजेच टीएचसी. इस्राएलमधील राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली ते शुद्ध रूपात वेगळे केले. पण ते मेंदूत नेमके कोठे जाऊन बसते हे कळायला आणखी २४ वर्षे जावी लागली. १९८८ साली अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांनी त्याची जागा दाखवून दिली. चेतापेशींच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात. ठराविक रेणू त्यांच्यावर बसला की पेशीच्या आत संदेश जातो. यांना ग्राही म्हणतात.

आता झाडातील रसायनासाठी मेंदूने ग्राही तरी का बाळगावेत? याचे उत्तर १९९२ साली जेरुसलेममध्ये मिळाले. मेंदू स्वतःच टीएचसीसारखे काम करणारा एक रेणू तयार करतो, असे आढळले. संशोधकांनी त्याचे नाव ठेवले ‘आनंदामाइड’, आपल्या संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून. मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांच्या वाचकांना हे नाव समजावून सांगण्याची गरज नाही. एखादी चेतापेशी शेजारणीकडून फार संदेश येऊ लागले की असा रेणू सोडून “आता पुरे” असे कळवते. हे काम हळुवार असते. रेणू गरजेपुरता तयार होतो आणि लगेच मोडूनही टाकला जातो. भूक, झोप, स्मरण, भीती या साऱ्यांचा तोल सांभाळण्यात त्याचा हातभार असतो.

टीएचसी याच ग्राहींवर बसते, पण ते लवकर मोडत नाही आणि एकाच वेळी सगळीकडे पोचते. शेजारी रात्रंदिवस कर्णा वाजू लागला तर आपण काय करतो? खिडक्या लावून घेतो. चेतापेशीही तेच करतात. रोज टीएचसी येऊ लागले की ग्राही प्रथम मंद होतात आणि पुढे पेशी त्यांपैकी काही पृष्ठभागावरून आत ओढून घेतात. तेवढ्याच मालाने पूर्वीइतके चढत नाही, मग मात्रा वाढते, आणि मात्रा वाढली की आणखी खिडक्या बंद होतात. दारूच्या बाबतीत सरावाने यकृतही दारू लवकर विल्हेवाटीस लावू लागते. येथे मुख्य बदल घडतो तो मेंदूत. म्हणून ‘पचतो’ हा शब्दच मुळात चुकीचा आहे.

ही सवय सर्व परिणामांना सारखी लागत नाही, हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. छातीतील धडधड काही दिवसांत कमी होते आणि धुंदीही ओसरते. परंतु शिकलेले लक्षात ठेवण्यात येणारी अडचण तितकी सुटत नाही. धुराची सवय फुफ्फुसांना होतच नाही. मात्रा तिप्पट झाली की धूरही तिप्पट होतो, आणि खोकला व कफ मागे लागतात. रोज आणि तीव्र माल ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका अधिक असल्याचे अभ्यासांत दिसून आले आहे. थोडक्यात, कमी होते ते मुख्यतः सुख, आणि खर्च मात्र वाढत जातो.

मग यावर उपाय काय? सुदैवाने खिडक्या पुन्हा उघडतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेण्यात आली. कॉर्टेक्स या मेंदूच्या बाहेरच्या थरात हे ग्राही सुमारे २० टक्के कमी आढळले. सुमारे चार आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर त्या थरातील संख्या पूर्ववत झाली.

अडचण आहे ती पहिल्या पंधरवड्याची. कर्णा थांबला तरी खिडक्या अजून बंदच असतात, त्यामुळे आनंदामाइडचा हळू आवाज आत येत नाही. एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, भूक मरते, झोप उडते, लागलीच तर विचित्र स्वप्ने पडतात. पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो, पुढे त्रास उतरणीला लागून बहुधा दोन-तीन आठवड्यांत संपतो. नेमक्या याच दिवसांत मुले म्हणतात, “बघा, गांजाशिवाय मला झोपच येत नाही.” गांजाने दिलेली झोप ही गांजानेच नेलेली झोप असते, हे त्या वेळी ध्यानात राहिले तर निम्मे काम झाले. चिलमीत तंबाखू मिसळण्याची पद्धत आहे. अशांना निकोटिनची ओढ वेगळी सोसावी लागते, हेही आधी माहीत असावे. परीक्षेच्या तोंडावर सोडण्यापेक्षा सत्राच्या आरंभी किंवा सुटीत सोडणे शहाणपणाचे.

आणखी एक सावधगिरी. महिनाभर बंद ठेवून जो पुन्हा वळतो, त्याला जुनी मात्रा आता जुनी राहिलेली नसते. पूर्वी ‘पचलेल्या’ चिलमीने त्याला नवख्यासारखीच भीती, धडधड आणि भोवळ येऊ शकते. होळी-शिवरात्रीच्या भांगेत तर हा धोका दुप्पट आहे. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, पण प्यालेली भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. “काहीच झाले नाही” म्हणून घेतलेला दुसरा पेला पहिल्याच्या जोडीनेच चढतो.

ज्याला एकट्याने जमत नाही त्याने लाजू नये. धारवाडची डिमहान्स आणि बंगळूरची निमहान्स या संस्थांत यासाठी उपचार मिळतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत. गांजा बाळगणे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. परंतु त्याच कायद्याचे कलम ६४-अ थोड्या मात्रेच्या प्रकरणात सापडलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण देते. ही तरतूद विद्यार्थ्यांइतकीच प्राध्यापकांनीही लक्षात ठेवावी, कारण वर्गात मागच्या बाकावर पेंगणारा मुलगा प्रथम त्यांच्याच नजरेस पडतो.

पुढच्या वेळी कोणी “मला पचतो” म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. पूर्वी किती लागत होते आणि आता किती लागते, एवढेच त्याला विचारा. त्याचा हिशेब त्यालाच मांडू द्या.